प्रतिकारशक्तीला आवरही हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिरातींची रांग लागते. राजारामपुरीतल्या औषध दुकानांत काउंटरवर त्याच पावडरी, तीच सिरपं. माझा आक्षेप त्यांच्या किमतीवर नाही, त्यामागच्या कल्पनेवर आहे. प्रतिकारशक्ती नुसती वाढून भागत नाही. ॲलर्जीचा दमा, आमवात, आतड्याला सूज आणणारा क्रोन्स आजार, या सगळ्यांत हीच यंत्रणा नको तिथं चालून जाते. तिला थांबताही आलं पाहिजे, आणि हे थांबणं ती बऱ्याच अंशी मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या सहवासात शिकते.

भाकरी, हुलगे, पावटा यांतला तंतुमय भाग आपल्या पाचकरसांना पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे तिथल्या अस्तरपेशींचं मुख्य इंधन. ते मिळालं की अस्तर घट्ट राहतं. पण त्याचं दुसरं काम मला अधिक विलक्षण वाटतं. 2013 मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं, की ब्युटिरेटमुळे टी-पेशींतलं (या प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या रक्तपेशी) फॉक्सपी3 हे जनुक अधिक सक्रिय होतं आणि त्यातून दाह आवरणाऱ्या ‘नियामक’ पेशी वाढतात. जिवाणूंचं टाकाऊ द्रव्य आपल्या पेशींची जनुकं हलवतं! उंदरांवर आणखी एक गोष्ट दिसली आहे: तंतू मिळेनासे झाले की काही जिवाणू आतड्याच्या बुळबुळीत संरक्षक थरावरच गुजराण करू लागतात.

माणसांवरचंही एक काम सांगते. स्टॅनफर्ड विद्यापीठात 36 प्रौढांवर 10 आठवडे झालेला प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या गटात जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातली दाह दाखवणारी प्रथिनं कमी झाली. प्रयोग लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

कोल्हापूरकरांना हे परकं नाही. ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेत आंबील, भाकरी, वरण्या, मेथी यांचा नैवेद्य असतो. आंबील शिजवल्यावर तिच्यातले बहुतेक जिवाणू मरतात हे खरं, पण ज्वारीचे तंतू राहतात. आणि जिवंत जिवाणू हवेत तर घरचं ताक आहेच. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमपेक्षाही कमी. तरी ताटातून भाकरी हटते आहे, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याहून वाईट म्हणजे साध्या सर्दीला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेणं. सर्दी विषाणूची, तिच्यावर या गोळीचा काही उपयोग नाही, आतड्यातले उपयोगी जिवाणू मात्र तिने मरतात. अनेक अँटिबायोटिक्स 2013 च्या नियमानुसार ‘एच-1’ यादीत आहेत आणि ती चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी जरूर घ्यावी. स्वतःच्या मनाने घेऊ नये.

माझी विनंती एवढीच: प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणारी जाहिरात स्वीकारण्यापूर्वी आपण जाहिरातदाराकडे माणसांवर झालेल्या चाचणीचा पुरावा मागावा. आणि पुरवणीतली एक पावसाळी पाककृती हुलग्याच्या माडग्याची छापावी.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
राजारामपुरी, कोल्हापूर