डॉक्टर मॅडम, तुम्ही दुसऱ्या हाताचाही बीपी बघितलात

डॉक्टर मॅडम,

ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे आभार आम्ही समोर जाऊन मानले. तुमची ड्युटी तोवर संपली होती आणि पुन्हा गाठ पडलीच नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

बाबांना कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा छातीत दुखतंय, घाम फुटलाय एवढ्यावर सगळ्यांनी हार्ट अटॅकच धरला होता. रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरून तयार होतं. ईसीजीत काहीच सापडेना, तेव्हा तुम्ही विचारलंत, "काका, दुखणं हळूहळू वाढलं की एकदम?" बाबा म्हणाले, "एकदम. पाठीत कोणी टराटरा फाडल्यासारखं." तुम्ही बीपीचा पट्टा उजव्या हातावरून काढून डाव्यावर बांधलात. उजवीकडे १७२, डावीकडे १३०. इंजेक्शन तिथेच थांबवलंत आणि बाबांना सीटी अँजिओग्राफीला धाडलंत. एक्स-रे तर जवळजवळ नॉर्मल होता!

महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, आतला थर हृदयापाशीच फाटला होता. रक्त भिंतीत शिरत होतं, बाहेरचा थर तेवढा तग धरून होता. अशात रक्त पातळ केलं असतं तर... जाऊ दे.

ऑपरेशन थिएटर तयार होईपर्यंत तुम्ही मॉनिटरसमोरून हलला नाहीत. नाडी ६०च्या खाली आणि वरचा बीपी १०० ते १२०वर आणायचा होता. "बीपी आधी उतरवा ना," म्हणून मी मागे लागले होते. त्या धावपळीतही तुम्ही समजावलंत, की आधी ठोके आवरायचे; नुसता दाब उतरवला तर हृदय उलट जोरात धावतं आणि चीर वाढते. वेदनेचं औषधही त्यासाठीच, कळ आली की दाब चढतो.

संमतीपत्र पुढे करण्याआधी तुम्ही एका कागदावर पेनाने महाधमनी काढलीत, फाटलेला भाग खोडलात, तिथे कृत्रिम नळी बसवणार म्हणालात. शरीर थंड करून रक्ताभिसरण काही वेळ थांबवावं लागेल, हेही लपवलं नाहीत. ऐकून पोटात गोळा आला, पण सही कशावर करतोय ते कळत होतं. असं सांगणारे डॉक्टर फार भेटत नाहीत हो.

बाबा आता हिंडतात-फिरतात. जड उचलायला बंदी आहे म्हणून कुरकुर चालू असते. तुम्ही बजावल्याप्रमाणे आम्हा भावंडांचीही इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. धाकट्याची महाधमनी थोडी रुंद निघाली. बीपीची गोळी सुरू झालीय, पुढची तपासणी ठरलीय. त्याच्याही वतीने तुमचे आभार.

तुमच्या पेशंटची मुलगी