विंटरस्वीट कशाला, कुंद लावा की

संपादक साहेब, नमस्कार.

सध्या मोबाईलवर त्या विंटरस्वीटचे व्हिडिओ लई फिरतायत, बिनपानाच्या काड्यांवर मेणासारखी पिवळी फुलं, आणि आमच्या पेठेतली पोरं त्याचं बी ऑनलाइन मागवायला लागलीत. झाड देखणं आहे, वासाला पण नावाजलेलं, पण ते मूळचं चीनचं, कडक थंडीत पानं गाळून फुलणारं. आपल्याकडं जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांवर आणि दुपारी परत फॅन चालू, मग त्याला थंडी मिळणार कुठनं? आणि बियापासनं फूल यायला तिकडंसुद्धा बरीच वर्षं जातात. पाकिटात नक्की कशाचं बी असतंय ते देवालाच माहीत.

आपलं कुंद आहे की! मोगरा थंडीत गप असतो तेव्हा याला पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, माघातल्या गणपतीला घरचाच हार होतोय. वास मोगऱ्याएवढा घमघमीत नाही, मंद आहे, हे आधीच सांगतो नाहीतर लोक नंतर कुरकुरतात.

जागा मात्र उन्हाची पाहिजे, निदान अर्धा दिवस तरी, सावलीत नुसता वेल वाढतो. कुंडी असली तर बारा-चौदा इंचाची, आणि खालचं भोक मोकळं आहे का बघा कारण आपला जुलैचा पाऊस म्हणजे कुंडीत पाणी तुंबलं की मुळं कुजलीच. काळी माती एकटी घालू नका, ती चिकट, त्यात वाळू आणि शेणखत मिसळा. साखर कारखान्याची मळी (रस गाळल्यावर उरणारा गाळ, प्रेसमड) पण चालते पण चांगली कुजलेली, ताजी घातली तर गरम पडते. युरिया टाकून झाड हिरवंगार करणारे आहेतच आपल्यात, त्यांनी मग फुलं कुठायत म्हणून विचारू नये.

सगळ्यात जास्त घोळ छाटणीत होतो. दिवाळीच्या साफसफाईत लोक अंगणातली सगळी झाडं कापतात, त्यात कुंदपण कापतात, आणि ज्या फांद्यांना फुलं येणार त्याच जातात. छाटणी फुलं संपल्यावर, फेब्रुवारी अखेरीला नाहीतर मार्चमध्ये करा, तेव्हा बिनधास्त कापलं तरी चालतंय. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड फांदी, तीन-चार डोळ्यांची, मातीत खोचली तरी लागते, त्यामुळं शेजाऱ्याकडं झाड असलं तर रोप विकत घ्यायचीपण गरज नाही.

तुमच्या बागेच्या पानावर परदेशी झाडांचे फोटो छान येतात, पण दिवाळीच्या आधी एकदा कुंद कापू नका एवढं तरी छापा.

एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर