दोरा ताणून बघा, बाबा

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नोकरीच्या करारावर परवा सही केली. पुढच्या महिन्यात सिंगापूरचं घर सोडतेय. आधी विचारलं नाही, कारण बाबा लगेच "जा" म्हणाले असते आणि आई न बोलता चुलीकडे वळली असती.

बाबा, कपाटावरचा पृथ्वीगोल काढा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं ऑकलंडवर, आणि ताणा. दोरा सिंगापूरजवळूनच जाईल. सरळ अंतर साधारण 12,300 किलोमीटर. सिंगापूरला उतरून गेलं तरी जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर वाढतात. वाट तीच आहे, मी फक्त पुढच्या थांब्यावर चाललेय.

थांबा लांबचा आहे, कबूल. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, तिथून पुढे आणखी दहा. परतताना वारा समोरून, म्हणून तासभर जास्तच. मधला वेळ धरून अठरा-वीस तास, शिवाय रत्नागिरीचा रस्ता. बाबांच्या आजारपणात त्या रात्री मी विमानात बसले आणि दुसऱ्या दुपारी उशाशी होते. तसं आता जमणार नाही. हा हिशेब मी रोज रात्री करते. दादाशी बोललेय, तो पुण्याहून निघेल. पण सिंगापुरात दर दोन-तीन वर्षांनी नोकरीच्या परवान्याची धास्ती होती. ही नोकरी कायमची आहे आणि सुट्टीही जास्त मिळेल, ती सगळी तुमचीच.

जेवणाची काळजी नको. घर ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम भागात बघितलंय, तिथे तूरडाळ, कढीपत्ता सगळं दारात मिळतं. घड्याळ साडेसहा तास पुढे, सप्टेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत साडेसात. म्हणजे तुमच्या सातच्या चहाला माझी जेवणाची सुट्टी. तेव्हाच फोन करीन. आई, एसटीत मळमळायला लागलं की तू पदराच्या गाठीतली आवळासुपारी द्यायचीस ना, तिची डबी अजून माझ्या पर्समध्ये असते.

आता नीट ऐका. जानेवारीत तुम्ही यायचंय, तिथे तेव्हा उन्हाळा असतो. दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून मला कळवा. आई, परसातले चिकू, मध, रोपं काही घ्यायचं नाही. लाडवाचा डबासुद्धा तिथे शिरताना भरायच्या अर्जात लिहायचा. न सांगता नेलं तर जागेवर 400 डॉलर दंड करतात. बाबा, गोळ्या हातातल्या पिशवीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीतली. विमानात दर तासाला उठून एक फेरी मारायची, पाणी पीत राहायचं. व्हीलचेअर मी तिकिटातच सांगणार आहे. चालता येतं हे मला माहीत आहे, पण सिंगापूरचा विमानतळ फार मोठा आहे आणि तुमच्या गुडघ्याला मला पुढे पंधरा दिवस फिरवायचंय.

गणपतीला मी येतेच. तिकीट काढलंय. मला घ्यायला मुंबईला यायचं नाही, स्टेशनवरही नाही. ओटीवर बसून राहा, मी येते.

तुमची,
धाकटी