घोड्यावरच्या भटकंतीला निघालेल्या मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सहा दिवस घोड्यावरून रानोमाळ हिंडायचं ठरवलंयस, हे वाचून फार आनंद झाला. तू सामानाची यादी मागितली आहेस, पण नुसत्या यादीने काम भागणार नाही. मुक्काम, जेवण, हवा यांपैकी काही बिनसलं तरी निभावून नेता येतं. घोड्याची पाठ बिघडली की मात्र सहल तिथेच थांबते. म्हणून या पत्रात जास्त तेच आहे.

आधी आयोजकांना विचार, की स्वाराच्या वजनाची मर्यादा किती? स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. ४५० किलोच्या घोड्यावर हे सगळं धरून ९० किलो झाले. त्यातले दहाएक किलो खोगीरच खातं. तेव्हा बूट-कपड्यांसकट वजन करून खरा आकडा सांग, कारण त्यावरूनच तुला घोडा निवडून देतील. रोज किती तास खोगिरात बसायचं, जड सामान गाडीने पुढे जातं का, घोडा लंगडला तर बदली घोडा आहे का, हेही विचार. पहिल्याच सहलीला दिवसाला ५-६ तास आणि २०-२५ किलोमीटर पुष्कळ झाले. वजनाची मर्यादाच सांगत नसतील, तर माझं स्पष्ट मत आहे: तिथे जाऊ नकोस.

तयारीला सहा ते आठ आठवडे हवेत. मैदानात तासभर दुडकी (घोड्याची उसळती हळू धाव) मारता येणं वेगळं आणि सलग दिवस बसणं वेगळं. निघण्याआधी एकदा तरी लागोपाठ दोन दिवस ३-३ तास बसून बघ. दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या आतली बाजू आणि कंबर काय म्हणते, यावरून खरी तयारी कळते. स्वार दमला की तो खोगिरात एका बाजूला कलतो आणि तिथेच घोड्याची पाठ घासायला लागते. तुझा दम हा घोड्याच्याच सोयीचा भाग आहे.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. डोक्याला नीट बसणारं, घोडेस्वारीसाठीच बनवलेलं हेल्मेट. बुटाला साधारण अडीच सेंटिमीटर टाच आणि तळ गुळगुळीत. ट्रेकिंगचे खोल खाचांचे रुंद बूट नकोत, पडलास तर पाय रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीत) अडकेल. रिकीब बुटापेक्षा दोन्हीकडून सेंटिमीटरभर रुंद असावी. आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली पँट घे. पाठीवर सॅक घेऊ नकोस, दुडकीत ती उसळते आणि तोल घालवते. फोन, शिट्टी, चाकू कमरेच्या पाऊचमध्ये ठेव, खोगिराच्या पिशवीत नको. घोडा निसटला तर या वस्तू त्याच्याबरोबर जातात, आणि नेमक्या तेव्हाच त्या लागतात. रेनकोट घोड्यावर बसल्या बसल्या चढवू नकोस. त्याची सळसळ आणि फडफड झाली की शांत घोडाही बुजतो. उतर, घाल, मग बस.

खोगिराच्या पिशव्यांत मात्र खोगीरभरती करू नकोस. दोन्ही बाजू मिळून ५ किलो पुरे. दोन्ही पिशव्या हातात धरून तोलून बघ, एक बाजू जड राहिली तर दिवसभर खोगीर तिकडे ओढलं जातं. जड वस्तू पुढे, खोगिराला लागून ठेव. मागे कमरेवर वजन आलं तर घोड्याला ते सोसत नाही, तिथे खाली बरगड्यांचा आधार नसतो. पिशव्या खालूनही बांध, लोंबकळू देऊ नकोस.

आता सकाळचं काम. आधी खूर बघायचे. खूर साफ करायची आकडी खुराच्या टाचेकडून पुढे चालवायची, मधला मऊ त्रिकोणी भाग जपायचा, खडा अडकलाय का, नाल हलतोय का ते बघायचं. मग पाठीला खरारा, म्हणजे ब्रशने घासणं. वाळलेल्या घामाचा आणि मातीचा एक कणही खोगिराखाली राहता कामा नये. त्यानंतर उघडा तळवा मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत सावकाश, थोडा दाब देत फिरव. घोडा पाठ खाली घालतोय, कातडी थरथरतेय, कान मागे पाडतोय किंवा एखादी जागा गरम लागतेय, असं काहीही दिसलं तर आयोजकांना दाखवल्याशिवाय खोगीर चढवू नकोस.

नमदा, म्हणजे खोगिराखालचं जाड कापड, थोडा पुढे ठेवून मागे सरकव, म्हणजे केस सरळ बसतात. मागून पुढे ओढलास तर केस उलटे दुमडतात. खोगीर ठेवल्यावर त्या उंचवट्यावरचा नमदा बोटांनी वर उचलून खोगिराच्या पोकळीत दाब. तिथून हवा खेळली पाहिजे. नमदा ताणून बसला तर पहिल्याच दिवशी सूज येऊ शकते.

तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा, एका दमात कसू नये. बरेच घोडे तंग कसताना छाती फुगवतात. आधी खोगीर घसरणार नाही इतपत आवळ, चार पावलं हाताने चालव, परत आवळ, आणि बसल्यावर १०-१५ मिनिटांनी पुन्हा बघ. तंगाखाली दोन बोटं सपाट जावीत. चढण्याआधी घोड्याचा पुढचा एकेक पाय उचलून पुढे ओढ, म्हणजे कोपरामागची चिमटलेली कातडी सुटते. तंगाचे चट्टे बहुधा तिथेच पडतात. चढताना दगड किंवा बांध बघून चढ. जमिनीवरून चढलं की खोगीर दर वेळी एका अंगाला ओढलं जातं.

वाटेवर पहिली १५-२० मिनिटं घोडा नुसता चालीने ने, दुडकी नको. दर तासाला उतरून ५-१० मिनिटं पायी चाल, तुझे गुडघे आणि त्याची पाठ दोन्ही मोकळी होतील. चढावर पुढे झुकून आयाळ धर, लगाम ओढू नकोस. तीव्र उतार असेल तर उतरूनच जा. बसून उतरायची वेळ आली तर घोडा सरळ खाली ने. तिरका नेला आणि पाय घसरला तर तो कुशीवर पडेल. पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याच्या लांबीचं अंतर ठेव. शेवटचे दोन किलोमीटर चालीनेच जायचं, म्हणजे घोडा मुक्कामाला थंड होऊन पोचतो.

पाणी दिसेल तिथे पाजावं. घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर लागतं, उन्हात त्याहून जास्त. तापलेल्या घोड्याला पाणी द्यायचं नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. पिऊ दे आणि मग सावकाश चालव. एक घोडा पीत असताना बाकीचे पुढे गेले, तर तो पाणी अर्धवट सोडून त्यांच्यामागे निघतो, म्हणून सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचं. ओढा ओलांडताना घोडा पुढच्या पायाने पाणी उडवायला लागला की लगेच टाच मारून पुढे काढ. पुष्कळदा तो लोळायच्या बेतात असतो, आणि तू खोगिरातच असतोस.

घोडा लगामाने कधीही बांधू नये. दचकून मागे हटला तर तोंड फाटतं. म्होरकीला (घोड्याच्या डोक्यावरच्या, तोंडात कडी नसलेल्या पट्ट्याला) दोर लाव, घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर, हातभर सैल, भक्कम झाडाला आणि सुरगाठ मारून. रात्री दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर ताणलेली दोरी उत्तम, पाय गुंतायची भीती फार कमी होते. वैरण आधी, दाणा नंतर आणि थोडाच. ४५० किलोच्या घोड्याला रोज ७ ते ९ किलो कोरडी वैरण लागते. मधे विश्रांतीचा दिवस असेल तर त्या दिवशी दाणा कमी झालाच पाहिजे. भरपूर दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी निघताच मागच्या पायांत ताठरू शकतो, लघवी गडद होते. असं झालं तर त्याला एक पाऊलही चालवू नये, डॉक्टरला तिथेच बोलवावं.

मुक्कामाला पोचल्यावर तंग सैल कर आणि खोगीर थोडा वेळ तसंच राहू दे. काढल्यावर लगेच पाठ पुसू नकोस, आधी नीट बघ. सगळीकडे घाम असून मधेच तळहाताएवढी कोरडी जागा दिसली, तर तिथे खोगिराचा दाब जास्त पडतोय. सूज पुष्कळदा उशिरा वर येते, म्हणून दोनेक तासांनी पुन्हा हात फिरव. आली असेल तर गार पाणी मार, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेवर खोगीर नाही. नमदा दुहेरी करून चालतं असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही, जाडी वाढली की खोगीर आणखी घट्ट बसतं.

नाडी बघायलाही शीक. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेव, १५ सेकंद मोज, चारने गुण. विसाव्यात ती मिनिटाला २८ ते ४४ असते. थांबून २० मिनिटं झाली तरी साठीच्या खाली आली नाही, तर त्या दिवसाची वाट लांबवायची नाही. घोडा खुराने जमीन उकरत असेल, कुशीकडे वळून बघत असेल, लीद टाकत नसेल, तर पोटशूळ समज. खाणं काढून घ्यायचं आणि डॉक्टरला फोन करायचा.

नाल निघण्याच्या साधारण आठवडाभर आधी ठोकलेले असावेत, आदल्या दिवशी नव्हे. खिळा चुकीचा बसला असेल तर ते त्या आठवड्यात कळतं. नालबंद शेवटचा कधी आला होता, हे बेलाशक विचार.

घोड्याचं वजन आणि खोगीर कोणत्या प्रकारचं आहे, हे आयोजकांकडून कळलं की लगेच लिही. पिशव्यांची मापं त्यावरून ठरवू. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा मित्र