सिस्टर खुर्चीवर बसली, तर बिघडलं कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, आमच्या सेवाभावाचं भरभरून कौतुक होतं. पायांची विचारपूस मात्र कुणी करत नाही, म्हणून हे पत्र. मी मिरजेत एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नाव छापू नये ही विनंती. का, ते पुढे वाचल्यावर कळेलच.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून जत-आटपाडीपासून अथणी-विजापूरपर्यंतचे पेशंट इथं येत आलेत. गावाची ही सगळी कीर्ती ज्यांच्या पायांवर उभी आहे, त्यांना बसायची मात्र चोरी आहे.

रात्री सगळ्यांची सलाईन बघून झाली, इंजेक्शनं झाली, की सिस्टर चार्ट भरायला टेबलाशी बसते. तेवढ्यात कुणीतरी नातेवाईक मोबाइल काढतो. ‘आमचा पेशंट कण्हतोय आणि ह्या बघा बसल्यात.’ फोटो सकाळी मॅनेजमेंटपर्यंत पोचतो आणि दोन दिवसांत वॉर्डातली खुर्ची दिसेनाशी होते. मी आधी जिथं नोकरीला होते, तिथं तर मोठ्या डॉक्टरांचा राउंड यायच्या आत स्टूल उचलून ड्रेसिंग रूममध्ये ठेवायची पद्धतच पडली होती. औषध किती वाजता दिलं, लघवी किती झाली, बीपी किती, हे सगळं उभ्यानं, ट्रॉलीवर फाइल टेकवून लिहायचं. अहो, चार्ट लिहिणं हा आराम नव्हे, ड्युटीच आहे. बसून लिहिलं तर आकडा चुकायची भीती उलट कमीच.

या उभं राहण्याचं पुढे काय होतं, तेही सांगते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. कडक फरशीवर तासन्‌तास काढले की तो टाचेपाशी दुखावतो. डॉक्टर त्याला प्लांटार फॅसायटिस म्हणतात, आमच्या घरी ‘टाचेचं हाड वाढलंय’ म्हणतात. एक्स-रेत कधी हाडाचा काटा दिसतोही, पण तसला काटा काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या पायातही सापडतो. खरी खूण म्हणजे सकाळी पलंगावरून उतरताना टाकलेलं पहिलं पाऊल. मस्तकात कळ जाते. थोडं चाललं की कमी होतं आणि ड्युटी संपत आली की पुन्हा सुरू. दुसरं दुखणं शिरांचं. पोटरीचे स्नायू हलले की रक्त वर ढकललं जातं. एका जागी खिळून उभं राहिलं की ते खालीच साचतं. म्हणून वॉर्डात पळणारीपेक्षा ऑपरेशनला तासन्‌तास टेबलाशी उभ्या राहणाऱ्या सिस्टरचे पाय जास्त भरून येतात.

त्यात आयसीयूच्या दारातल्या त्या स्लिपर. बाहेरचं पायताण बाहेर काढायचं आणि आतली सामाईक रबरी स्लिपर घालायची, हा नियम जंतूंसाठी आहे, त्याला माझा विरोध नाही. पण रॅकमध्ये उरलेली असते नऊ नंबरची आणि पाय असतो पाच नंबरचा. स्लिपर निसटू नये म्हणून आठ तास बोटांनी ती घट्ट धरून चालायचं. ओल्या फरशीवर सलाईनचा स्टँड ढकलत असं एकदा चालून बघा. प्रत्येकीला तिच्या मापाची, मागं पट्टा असलेली, धुता येणारी चप्पल आतच ठेवायला दिली, तर रुग्णालयाचं दिवाळं निघणार नाही.

कंबरेचं दुखणं वेगळं सांगत नाही. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे दोघींचं काम, आणि नाईटला असते एकटी. त्यात पलंग वरखाली करायचं हँडल फिरत नसलं, तर संपलंच.

मग आम्ही आमचे उपाय शोधतो. बाटलीत पाणी गोठवून ती तळव्याखाली फिरवायची. पायरीच्या कडेवर चवडा टेकवून टाच खाली सोडायची, पोटरी ताणली जाते. घरातही फरशीवर अनवाणी फिरायचं नाही, ओट्याशी तर नाहीच. बूट संध्याकाळी घ्यायचे, कारण तोवर पाय सुजलेला असतो. पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे सकाळी सूज चढायच्या आत घालायचे. मात्र मधुमेह असेल किंवा पायाला रक्त कमी पोचत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच. सासूबाई तेल लावून काशाच्या वाटीनं तळवे घासून देतात. त्यानं आजार बरा होत असेल असा माझा दावा नाही, पण झोप लागते. आणि हे सगळं करून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फरशी, तीच ड्युटी.

उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमातच लिहिलं गेलं. केरळात कापड दुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी लढल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात दुरुस्ती झाली. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही केली. कारखान्यातला कामगार आणि साडीच्या दुकानातली मुलगी बसू शकते, तर ज्या इमारतीत पायाच्या शिरांवर ऑपरेशनं होतात, तिथं स्टुलावरून वाद का व्हावा?

रुग्णालय चालकांना विनंती एवढीच : नर्सिंग स्टेशनवर पाठ टेकता येईल अशा दोन खुर्च्या कायमच्या ठेवा, आणि कुणी फोटो दाखवलाच, तर खुर्ची हलवण्याआधी त्या वेळचा चार्ट उघडून बघा. नातेवाईकांनाही सांगणं आहे. तुमची काळजी आम्हाला समजते. पेशंटला खरंच काही होत असेल तर मोबाइल खिशातच राहू द्या आणि हाक मारा. बसलेल्या सिस्टरलाही ऐकू येतं.

आपली,
एक स्टाफ नर्स, मिरज (जि. सांगली)