संज्या, हे चलान नाही

धरमपेठ, नागपूर

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला. ‘पंधरा हजार ऑनलाइन भरून टाकतो, नागपूरची चक्कर वाचेल.’ लेका, हेल्मेटचं चलान आहे का हे? दारू पिऊन गाडी चालवल्याची केस आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये तडजोड, म्हणजे कोर्टाबाहेर दंड भरून मिटवणं, बसत नाही. खटला इथे सिव्हिल लाइन्सच्या कोर्टातच चालणार. तारखेला आला नाहीस तर समन्स, मग वॉरंट, आणि ते पुण्याच्या पत्त्यावर येईल. काकूंनी दार उघडलं तर काय सांगशील?

‘सेटिंग होते का बघ’ असंही लिहिलंस. नाही बघणार. वकिली करायची आहे मला याच कोर्टात.

कुणीतरी तुला सांगितलं की पहिली केस तीन वर्षांपेक्षा जुनी, म्हणून ती धरत नाहीत. ते पूर्वी होतं. २०१९ च्या दुरुस्तीत ती अट काढून टाकली. मागच्या खेपेला कटकट नको म्हणून तू गुन्हा कबूल केलास, दंड भरलास, मोकळा झालास. पण ती दोषसिद्धी रेकॉर्डवर आहे. आता सरकारी वकिलाने ती पुढे ठेवली की पहिल्या खेपेची सहा महिन्यांची कमाल कैद दोन वर्षांवर जाते, दंड १०,००० चा १५,००० होतो. दोन्हीही होऊ शकतं. नुसत्या दंडावरही भागू शकतं, म्हणून उगाच घाबरून झोप उडवून घेऊ नको.

मला काळजी लायसन्सची आहे. दोषी ठरलास तर कलम २० प्रमाणे कोर्टाला तुला गाडी चालवायला अपात्र ठरवावंच लागतं, किमान सहा महिने. तू एमआर, औषधं घेऊन डॉक्टरांकडे फिरणारा. आज सातारा, उद्या कराड. त्या काळात लपूनछपून गाडी काढलीस तर तो वेगळा गुन्हा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड. कंपनी किती दिवस थांबेल?

आता कामाचं. फुंकर मारायला लावलेल्या मशीनची स्लिप दिली होती का? १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा; तुझा आकडा किती? अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरकडे नेलं का? लायसन्स जप्त केल्याची पावती? हे सगळं पाहिल्याशिवाय कबुलीचा ‘क’ काढू नकोस. पण कागदात खोट निघेलच या भरवशावरही राहू नको.

त्या रात्री मेट्रो बंद झाली होती, मान्य. ऑटो काहून नाही केला बे? वर्धा रोडवर कुणी आडवं आलं असतं तर आज दंडाच्या गोष्टी करून नसतो राहिलो आपण, सदोष मनुष्यवधाचं कलम वाचून राहिलो असतो.

आदल्या दिवशी ये, रेल्वेने. पहिल्या केसचे कागद सापडतील तेवढे आण. उतरायला आमच्याकडेच. वहिनीला मी काही बोललो नाही, ते तुझं तू सांग. जामिनाच्या कागदांसाठी घरी विचारपूस व्हायच्या आत सांगितलंस तर बरं.

तुझा,
दिलीप