समासातल्या पेन्सिलीसाठी

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या जूनमध्ये लेकीला घेऊन पंचवटीत तुमच्याकडे आले, तेव्हा स्वतःचं नावसुद्धा तिने माझ्याकडे बघत सांगितलं होतं. आधीच्या एका क्लासमध्ये तिच्या निबंधाचं हसू झालं, तेव्हापासून उत्तर येत असलं तरी हात वर जात नव्हता. तुम्ही खोदून काही विचारलं नाहीत. दोनशे पानी वही दिलीत. "रोज पाच ओळी लिही, कशावरही. शुद्धलेखनाचं मागाहून बघू."

त्या वहीत लाल शाई कुठेच नाही. समासात फक्त तुमची पेन्सिल: 'मग काय झालं?' 'तुला कुणी सांगितलं?' पावसाळ्यात तिने लिहिलं, 'गंगेला पूर आला. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं.' शेजारी तुम्ही लिहिलंत, 'छातीला लागलं की घाटावरची माणसं काय करतात? विचारून ये.' आपल्या नाशिकमध्ये गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर घाटावरच्या या मारुतीच्या अंगावर मोजतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं थोडंच! पण तिने तोंड उघडावं म्हणून तुम्ही विचारलंत.

पाणी ओसरल्यावर मी तिला रामकुंडावर नेलं. फुलवाल्या मावशींसमोर ती कितीतरी वेळ नुसती उभी. माझ्या ओठांवर आलं होतं. तुमची ताकीद आठवली आणि गप्प राहिले. शेवटी तिने वही उघडली आणि तुमचा प्रश्न वाचून दाखवला. मावशी जे बोलायला लागल्या! टपरी कधी उचलायची, माल कुठे हलवायचा, पाणी वाढलं की नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेकडे सगळ्यांची नजर कशी लागते. त्या रात्री पाच ओळींची चार पानं झाली.

२७ फेब्रुवारीला, तात्यासाहेब शिरवाडकरांच्या जयंतीला, तिने तेच शाळेत वाचलं. सुरुवातीला हातातला कागद थरथरत होता. मावशींचं बोलणं आलं आणि आवाज मोकळा झाला. मी मागे बसून रडत होते, बाई.

फी विचारली तर तुम्ही आम्हाला सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हायला लावलंत. १८४० सालापासूनचं वाचनालय, आणि नाशिकमध्ये जन्म जाऊनही मी त्याची पायरी तेव्हा पहिल्यांदा चढले.

दुसरी वही भरत आली आहे. शनिवारी ती सिटी बसने एकटीच येईल. "तिकीट मीच मागेन," म्हणाली आहे.

आपली कृतज्ञ,
तुमच्या विद्यार्थिनीची आई